दाराची बाहेरची बाजू

३ मार्च

प्रिय चिमणे,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फाडलं नसशील, तर पुढचं वाच.

मामेभाऊ येऊन गेला. तुझा लाकडाचा वखारवाला जागा विकतोय, आणि वखारीमागच्या तुझ्या दोन खोल्याही त्यात जाणार, हे त्याच्याकडून कळलं. वर्षअखेरपर्यंत मुदत आहे म्हणाला. "ताईला सांगू नकोस" असं तू त्याला बजावलं होतंस, म्हणून त्याने चपला काढायच्या आधीच सांगितलं. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे. तरी तू त्यालाच बजावलंस, यावरून मी मनाशी एक समजूत करून घेतली आहे. चुकीची असेल तर असू दे.

आता मुद्द्याचं. माझ्या शेजारचं घर विकायचं आहे. आमची एक भिंत सामाईक आहे. माझ्या पलंगाच्या उशाकडची भिंत ती त्यांच्या बैठकीच्या खोलीची भिंत. तिसरा मजला, लिफ्ट आहे, पूर्वेला गॅलरी, सकाळचं ऊन थेट आत. पाणी दोन्ही वेळा. तिथे चित्रकलेचे मास्तर राहायचे. वहिनी गेल्या आणि मास्तर मुलाकडे राहायला गेले, म्हणून विकताहेत. वहिनी म्हणजे त्यांच्या मिसेस. आजारी होत्या.

एक गंमत सांगते. आमच्या सोसायटीत दाराची आतली बाजू आपली आणि बाहेरची बाजू सोसायटीची. खरंच तसा नियम आहे. बाहेरून सगळी दारं एकाच तपकिरी रंगाची, त्यावर खिळा ठोकायचा नाही, पाटी ठरलेल्या मापाची. आतून तुम्ही काय वाटेल ते करा. मास्तरांनी आतल्या बाजूला, वरपासून खालपर्यंत, झाडं काढली आहेत. फांद्यांवर पक्षी आहेत. दार लावून घेतलं की खोलीत बाग उगवल्यासारखी वाटते. तुला आवडेल. तुझ्या लेकाला, आमच्या कोंबडोबाला, तर नक्कीच आवडेल.

तो अजून सकाळी आरवतो का गं?

उत्तर दे असं म्हणत नाही. घर मात्र बघून जा.

तुझी,
ताई


२१ मार्च

प्रिय चिमणे,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ, तीही तिरकी: "सोसायटी कशी आहे ते खरं सांग." शाळेत सिस्टर तुझ्या वहीवर पट्टी ठेवून म्हणायच्या, रेषेवर लिही, तेव्हाही तू रेषेच्या वरून चालायचीस. कार्ड मी आरशाच्या कडेत खोचून ठेवलं आहे.

खरं सांगते. सोसायटी सोसायटीसारखी आहे. चेअरमनसाहेब बँकेतून निवृत्त झालेत, पण अजून काउंटरच्या पलीकडे बसल्यासारखे बोलतात. सेक्रेटरी दातांचे डॉक्टर आहेत. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावतात आणि सभेत कोणी तोंड उघडलं की त्यांना राग येतो, असा एक विनोद इथे चालतो. अर्थात हळू आवाजात.

सभेची इथे एक पद्धत आहे. ठरावाला हात वर करायचे नसतात. चेअरमन विचारतात, "ज्यांचा विरोध असेल त्यांनी उभं राहावं." कोणी उभं राहिलं नाही की ठराव एकमताने मंजूर. आम्ही बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीतून उठायचं म्हणजे आधी पुढे सरका, मग हातांवर जोर द्या, मग देवाचं नाव घ्या. तोवर ते पुढच्या विषयावर गेलेले असतात. त्यामुळे इतक्या वर्षांत इथे सगळं एकमतानेच झालं आहे.

तुझी आठवण येते अशा वेळी. शाळेत तू सारखी उभीच असायचीस. निम्मा वेळ प्रश्न विचारायला, निम्मा वेळ शिक्षा म्हणून. आणि मी माझा फ्रॉक गुडघ्यांवर ओढून बसलेली.

खाली जिन्याजवळ एक तक्रारपेटी आहे. चिठ्ठीवर नाव लिहायचं बंधन नाही. एकाच घराबद्दल तीन चिठ्ठ्या आल्या की हॉलमध्ये बोलावतात. त्याला सुनावणी म्हणतात. घाबरू नकोस, बहुतेक चिठ्ठ्या कुंड्यांतून गळणाऱ्या पाण्याबद्दल असतात.

घर घेणाऱ्याला सभेची संमती लागते. त्यातही भिंतशेजाऱ्याची हरकत असेल तर विषय तिथेच संपतो, बाकीच्यांचं मत विचारतच नाहीत. आता तुझी भिंतशेजारीण कोण? मी. म्हणजे अर्धं काम झालंच आहे असं समज.

नियमांचं पुस्तक सोबत पाठवत नाही. इथे ते घर घेतल्यावरच हातात देतात. तेव्हा मला हे विचित्र वाटलं नव्हतं. तुझे भाऊजी म्हणाले होते, "शिस्तीची जागा आहे." मला शिस्त आवडते, हे तुला माहीतच आहे.

तुझी,
ताई


१० एप्रिल

प्रिय चिमणे,

तुम्ही दोघं येऊन गेलात, आणि घर अजून तुमच्या आवाजाने भरल्यासारखं वाटतंय. तू वाळलीस. केसांत लाकडाचा भुसा होता, मी काढायला हात पुढे केला आणि तू मान मागे घेतलीस. चालायचंच. इतक्या वर्षांनी तू माझ्या हातचा चहा घेतलास, माझ्यासाठी तेवढं पुष्कळ आहे.

कोंबडोबा केवढा झाला. मी त्याच्या खांद्यालाही लागत नाही. मला वाटलं होतं ओळखणार नाही, पण दारातच माझ्या चष्म्याला बोट लावून "मावशी" म्हणाला. बाकी शब्द गेले असतील, हा राहिला. मी स्वयंपाकघरात का गेले ते तुझ्या लक्षात आलं असणारच.

आणि मास्तरांचं ते दार बघून तो आरवला. काय आरवला. एका पक्ष्यावर हात ठेवून, मान वर करून, डोळे मिटून. आपली आई म्हणायची ना, याला आनंद झाला की सूर्य उगवतो. तू सांगितलंस की वखारीत तो आरवला की करवतीवरची माणसं उलट शीळ घालतात, आणि मग हा पुन्हा आरवतो, असं सकाळभर चालतं. सांगताना तू हसलीस. तुझा पुढचा दात अजून तसाच तिरका आहे.

मग माझ्या घरातला इंटरकॉम वाजला. तू मला विचारलंस, कोण होतं. मी म्हटलं, राँग नंबर.

राँग नंबर नव्हता. खालच्या मजल्यावरच्या बाई होत्या. "ताई, वर काही जनावर वगैरे आणलंय का कोणी?" मी म्हटलं, पाहुणे आहेत. "मग ठीक आहे. पाहुणे जातात," म्हणाल्या.

तू मास्तरांच्या दाराच्या आतून खालच्या भागाकडे बोट दाखवून विचारलंस, "इथला रंग का खरवडलाय?" मी म्हटलं, जुना रंग, उडतो.

संध्याकाळी चेअरमनसाहेब जिन्यात भेटले. "तुमच्या बहीण ना? छान. आपल्यातल्याच म्हणायच्या. तो मुलगा… ते कायम असं असतं का?"

"आनंद झाला की असतं."

"हां. म्हणजे किती वेळा होतो?"

चिमणे, त्या माणसाने हे थट्टेत विचारलं नव्हतं. माझ्या भाच्याला दिवसातून किती वेळा आनंद होतो, हे त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

तू जाताना म्हणालीस, "घेते हे घर. आयुष्यात एकदा तरी भुसा न झाडता उशीवर डोकं ठेवायचंय." तेव्हा मला फार आनंद झाला. पण आता मला जरा वेळ दे. टोकन वगैरे देऊ नकोस अजून. मला तुला काही सांगायचं आहे आणि ते कुठून सुरू करावं हे कळत नाही.

तुझी,
ताई


१९ एप्रिल

प्रिय चिमणे,

हे घर घेऊ नकोस.

वहिनी आजारी होत्या असं मी लिहिलं होतं. त्या विसरायच्या. आधी नावं विसरल्या, मग वेळ, मग घर. दुपारी मास्तरांचा डोळा लागला की बाहेर पडायच्या आणि मजल्यामजल्यावर घंटा वाजवायच्या. दारं सगळी एकाच तपकिरी रंगाची. त्यांना प्रत्येक दार आपलंच वाटायचं. कोणी उघडलं की म्हणायच्या, "अगं बाई, तू कोण? माझ्या घरात काय करतेस?" माझ्याकडे आल्या की मी म्हणायचे, "तुमचीच वाट बघत होते, बसा." मग आम्ही चहा घ्यायचो. जाताना त्या मला बजावायच्या, नीट दार लाव, हल्ली कोणीही आत येतं.

तीन चिठ्ठ्या झाल्या. सुनावणी झाली. मास्तर हॉलच्या मध्यभागी उभे राहिले, हातात टोपी धरून. ज्या मुलांना चित्रकला शिकवली त्यातलाच एक आमचा सेक्रेटरी. तो म्हणाला, "सर, आम्हाला वाईट वाटतं. पण नियम सगळ्यांना सारखा." ठराव असा, की घरातली अशी व्यक्ती मजल्यावर एकटी फिरणार नाही, याची जबाबदारी सभासदाची. मास्तर बाहेर जातील तेव्हा दाराला कुलूप लावतील. ज्यांचा विरोध असेल त्यांनी उभं राहावं.

मी पुढे सरकले होते. खुर्चीच्या हातांवर हातही ठेवले होते.

दारावरची झाडं मास्तरांनी त्यानंतर काढली. वहिनींना ते दार वाटू नये म्हणून. बाग वाटावी, आणि बागेतून कशाला बाहेर जायचं, असं वाटावं. मी तुला गंमत म्हणून सांगितलं होतं ते हे.

एके दिवशी मास्तर औषधं आणायला गेले. चौकात त्यांना स्कूटरने उडवलं. बेशुद्धच हॉस्पिटलात नेलं. किल्ली त्यांच्या खिशात. इथे कोणालाच काही माहीत नाही.

दुपारी वहिनी दार ठोकू लागल्या. मी बाहेर जाऊन दाराला तोंड लावून बोलले. "वहिनी, मास्तर येतीलच." त्या म्हणाल्या, "मला आत घ्या हो. केव्हाची बाहेर उभी आहे." त्यांना वाटत होतं आपण बागेत आहोत आणि घराचं दार बंद आहे.

मी वॉचमनला बोलावलं. तो म्हणाला, "ताई, बाहेरून दार फोडायचं तर लेखी परवानगी लागते. ती बाजू सोसायटीची. मागे सुताराने न विचारता एक खिळा ठोकला तर माझा पगार कापला." चेअरमनसाहेब लेकीकडे गेले होते, फोन लागेना. सेक्रेटरींचा लागला. मागे ड्रिलचा आवाज येत होता. "पेशंट खुर्चीवर आहे. आणि माझ्या एकट्याच्या सहीने नाही होत ते. मास्तर येतील की."

मी दाराबाहेर जमिनीवर बसून राहिले. आपल्या शाळेतली इंग्रजी बालगीतं म्हटली, मला दुसरं काही आठवेना. आतून ठोकणं हळूहळू खाली आलं, म्हणजे त्या बसल्या असाव्यात. मग नखांचा आवाज. मग तोही थांबला. मला वाटलं, झोपल्या. बरं झालं असं वाटलं. आत जाऊन मी पंखा लावून पडले.

दुसऱ्या दिवशी मास्तर शुद्धीवर आले, मुलगा किल्ली घेऊन धावत आला. दार उघडेना, कारण वहिनी आतून दाराला टेकून होत्या.

फायर ब्रिगेडला फोन करता येतो, पोलिसांना करता येतो, हे मला आता सुचतं. तेव्हा मी परवानगीची वाट बघत बसले होते. आपल्याला शाळेत रांगेत उभं राहायला फार छान शिकवलं होतं.

पुढच्या सभेत आम्ही सगळे एक मिनिट उभे राहिलो. त्या वेळी मात्र कोणाचे गुडघे आड आले नाहीत. नंतरचा विषय टाकी साफ करण्याचा होता. दाराचा नियम तसाच आहे. त्या दिवशी तक्रारपेटीत दोन चिठ्ठ्या पडल्या होत्या, तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी ठोकाठोक करतंय म्हणून.

तो खरवडलेला रंग तो.

तुझी,
ताई


२ मे

प्रिय चिमणे,

तुझं पत्र वाचलं. "तुला आम्ही शेजारी नको एवढंच म्हण ना. गाडीत बसव म्हणायला आता भाऊजी राहिले नाहीत, म्हणून मेलेल्या बाईची गोष्ट सांगतेस." हे वाक्य मी इतक्यांदा वाचलं की आता ते तुझ्या आवाजात ऐकू येत नाही, माझ्याच आवाजात येतं.

माझ्या लेकीच्या लग्नात कोंबडोबा आरवला तेव्हा तुझे भाऊजी तुला म्हणाले, "याला जरा गाडीत बसव," आणि मी शेजारी हातात ट्रे धरून उभी होते. ते तू विसरावंस असं मी कधी म्हटलेलं नाही. पण वहिनींची गोष्ट खरी आहे. मास्तरांचा पत्ता तुला देते, त्यांनाच विचार.

तू लिहितेस, तुला सगळं झेपेल, याहून वाईट लोक पाहिलेत. पाहिले असशील. वखारवाला तोंडावर शिव्या देतो आणि संध्याकाळी विसरतो. इथे कोणी शिवी देत नाही. तू कोणाशी भांडणार? चिठ्ठीवर नाव नसतं. ठरावात "सर्वानुमते" असतं. भांडायला समोर माणूस लागतो, चिमणे.

काल चेअरमनसाहेब मुद्दाम वर आले. म्हणाले, "तुमच्या बहीण फार समजूतदार आहेत हो." तुला हा शब्द लावलेला मी जन्मात पहिल्यांदा ऐकला, म्हणून घाबरले. मग त्यांनी सांगितलं. तू त्यांच्या सगळ्या अटी लिहून कबूल केल्यास. सकाळी आठपर्यंत गॅलरीचं दार बंद. खिडक्यांना दुहेरी काचा. आणि तू कामावर किंवा बाजारात जाशील तेव्हा दाराला बाहेरून कुलूप.

मी विचारलं, "आणि आत काही झालं तर?"

"तुम्ही आहात की शेजारी."

तुझी नड मला कळते. वर्षअखेरची मुदत आहे, आणि वखार पुलापलीकडे जातेय तिथे मालक दोन खोल्या द्यायला तयार आहे, हेही मामेभावाने सांगितलं. तुला तो भुसा आणखी नको आहे. तुला एक स्वच्छ उशी हवी आहे, आणि ती मागण्याचा तुला पूर्ण हक्क आहे. मलाही तू भिंतीपलीकडे हवी आहेस. किती, ते लिहीत नाही. लिहिलं तर हे पत्र वेगळंच होईल.

पण मी तुला पुन्हा विनवते. तो अर्ज तू स्वतः मागे घे. संमतीचा विषय पुढच्या सभेत येणार आहे.

तुझी,
ताई


१६ मे

प्रिय चिमणे,

काल सभा झाली. तू अर्ज मागे घेतला नव्हतास.

दोनचार दिवसांत तुला सोसायटीचं पत्र येईल. छापील असेल. त्यात लिहिलेलं असेल, "भिंतशेजाऱ्याच्या हरकतीमुळे संमती देता येत नाही." नाव नसेल. इथे कशालाच नाव नसतं. म्हणून त्या पत्राच्या आधी हे पत्र तुझ्या हातात पडावं, अशी माझी धडपड आहे. हरकत घेणारी मी.

सगळं तुझ्या बाजूने होतं. मास्तरांच्या मुलाला घर विकायचं होतं, अटी तू मान्य केल्या होत्या, खालच्या बाईसुद्धा म्हणाल्या, "कुलूप लावणार असतील तर आमचं काही म्हणणं नाही." चेअरमननी माझ्याकडे बघून हसून विचारलं, "ज्यांचा विरोध असेल त्यांनी उभं राहावं. आज काय, ताईंची बहीणच येतेय." लोक हसले. सेक्रेटरी पुढचा कागद काढत होते.

मी आधीच खुर्चीच्या अगदी कडेवर बसून राहिले होते. काठी आणली होती. उठले. खुर्ची पदराला अडकून माझ्याबरोबर थोडी उठली आणि मग पडली, त्यामुळे सगळ्यांनी वळून पाहिलं.

"ताई, बसा, बसा. काही हवंय का?"

"माझा विरोध आहे."

"कशाला?"

"ठरावाला. भिंतशेजारी म्हणून."

चेअरमनसाहेबांनी चष्मा काढला. "अहो, सख्खी बहीण ना तुमची?"

"म्हणूनच."

मला पुढेही बोलायचं होतं. वहिनींबद्दल, त्या दाराबद्दल, चिठ्ठ्यांबद्दल. पाठ करून गेले होते, शाळेत वक्तृत्वाला जायचे तशी. पण पहिलंच वाक्य विसरले. मी नुसती उभी राहिले. इथे इतक्या वर्षांत विरोधाला उभं राहिलेली पहिली बाई मी, आणि विरोध केला तो तुलाच. खाली बसल्यावर शेजारच्या आजोबांनी माझी काठी उचलून दिली आणि पुटपुटले, "बहिणीबहिणींचं पटत नसेल." ते आता सगळ्या इमारतीत तसंच सांगितलं जाणार. सांगू देत.

तू वखारीतल्या बाकावर बसून हे वाचत असशील. पहिल्यांदा ट्रे धरून गप्प राहिले, या वेळी उभी राहिले, आणि दोन्ही वेळा तुम्ही दोघं बाहेर. तुला यात फरक दिसेल असं मी समजत नाही. तू आता पत्राला उत्तर देणार नाहीस, तेही मी धरून चालले आहे.

सकाळी लवकर जाग येते. भिंतीला कान लावला तर काही ऐकू येत नाही. पलीकडे घर रिकामं आहे, दारावर मास्तरांची झाडं आहेत. नवीन माणूस येईल तेव्हा पांढरा रंग देईल. कोंबडोबा इथे आरवला असता, तर मी आनंदाने उठून बसले असते. आणि लगेच आणखी कोण उठलं असेल याचा हिशोब करत बसले असते. काही महिन्यांत मीच भिंतीवर हलकेच ठोकून म्हणाले असते, चिमणे, त्याला जरा गप्प कर गं. ही जागा माणसाला तसं करते. मी तिथवर येऊन पोचलेच आहे, तुला इंटरकॉमबद्दल खोटं बोलले तेव्हाच.

पुलापलीकडे जा किंवा दुसरीकडे कुठे. मी इथून उठून कुठे जाईन असं आता वाटत नाही. पण घर बघायला जाशील तेव्हा नळ, भिंती, ऊन हे सगळं नंतर बघ. आधी तिथे राहून गेलेल्या माणसाला गाठून विचार, का सोडलंस. आणि दाराशी उभी राहून विचार, आत कोणी अडकलं तर हे बाहेरून फोडायला कोणाची परवानगी लागते. समोरचा माणूस उत्तर द्यायला जरासा जरी थांबला, तरी पोराचा हात धरून तशीच मागे फीर.

तुझी,
ताई